वहिनी, ढोल्या अजून बंद आहेत

वहिनी, तुझ्या तेरवीच्या पंगतीत तुझ्याबद्दल सगळ्यात जास्त वेळा काय बोललं गेलं, ते आधी सांगते. ते ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. "मनोहरच्या मागं खंबीर उभी राहिली बाई." आधी आपले चुलतमामा बोलले, मग गावातले एक पुढारी बोलले, आणि मग ज्याला बोलायला काहीच सुचत नव्हतं तो प्रत्येक जण तेच बोलला. मागं? माझ्या सख्ख्या भावाच्या मागं तू कधी उभी होतीस? मला तरी आठवत नाही. तू कोठ्यात धानात हात घालून बसलेली असायचीस आणि दादा ओसरीवर पेपर उघडून चहाची वाट बघत असायचा. मी कढीचा गंज हातात घेऊन पंगतीत वाढत होते. ती कढी पानात न वाढता कोणाच्या तरी डोक्यावर ओतावी, असं फार मनात आलं. तुझीच तेरवी होती म्हणून गप्प बसले.

तू लग्न होऊन अड्याळला आलीस तेव्हा मी शाळेत जाणारी तुझी धाकटी नणंद होते. तरी तू मला "कुंदाबाई" म्हणायचीस, "तुमी" म्हणायचीस. मी मात्र तुला सरळ "तू". नणंदेचा मान म्हणे. पुढे मी कारध्याला सासरी गेले, हातमागाच्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसू लागले, केस पिकायला लागले, तरी तुझं "तुमी" काही सुटलं नाही. ते सोड म्हणून सांगायचं मी दर वेळी ठरवायचे आणि दर वेळी आपण भांडायला बसायचो, त्यामुळे ते राहून गेलं.

भांडण तरी किती जुनं आपलं. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराची गोष्ट. गावातली पुरुष मंडळी पानठेल्यावर बसून गळा काढत होती की मोठ्या गिरण्या तिकडे गेल्या, मोठे व्यापारी तिकडे गेले, आता भंडाऱ्याच्या धानाला कोण विचारतं. तू भाजी घेऊन त्यांच्यासमोरून येत होतीस. घरी येऊन म्हणालीस, "जिल्हा तुटला कुंदाबाई, धान तं नाई तुटलं ना." आणि त्याच दिवाळीला तू दिघोरीकडच्या शेतकऱ्यांकडून चिन्नोर घेतलास. बारीक, वासाचा तांदूळ, टरफलासकट. माहेरून मिळालेल्या बांगड्या त्यापायी गेल्या. सगळं गाव धान निघाल्या निघाल्या विकायला गाड्या जुंपतं, आणि तू ते घेऊन बाबांच्या रिकाम्या कोठ्यात ठेवलंस. गुरं जाऊन बरीच वर्षं झाली होती, कोठा ओसाडच होता. माणसाच्या उंचीच्या बांबूच्या ढोल्या विणून घेतल्यास, शेणामातीने आतबाहेर लिंपल्यास, त्यात कडुलिंबाच्या पाल्यासकट धान भरलंस आणि वरून तोंड लिंपून टाकलंस. पुढची दिवाळी येईपर्यंत ते तोंड फोडायचं नाही. नवा तांदूळ चिकटतो, गिजगा होतो. टरफलातच वर्षभर मुरलेला चिन्नोर शिजला की शीत न् शीत मोकळं आणि वास आळीच्या टोकापर्यंत. हे घराघरातल्या बायकांना ठाऊक होतं. पाव्हण्यांसाठी एखादी पायली जुना तांदूळ प्रत्येकजण राखून ठेवायची. त्याचा धंदा करावा हे फक्त तुझ्या मनात आलं.

आईने केवढा आकांत केला होता, आठवतं? म्हणाली, घरात आलेल्या लक्ष्मीचं तोंड वर्षभर लिंपून ठेवतात होय, घराचं वाटोळं होईल. तू भांडली नाहीस. नव्या धानाचा भात केलास, देवापुढे ठेवलास, आईला वाढलास आणि म्हणालीस, "आता लक्ष्मी जेवली ना बाई, झोपू द्या तिले थोडीशी." आईला हसू आलं. तिने नंतर शेजारणींना हेच स्वतःचं म्हणून सांगितलं.

गावाला मात्र हसू वेगळ्या कारणाने येत होतं. तो धानाचा व्यापारी, ज्याचं मी नाव घेत नाही, तो ओसरीवर येऊन दादाला म्हणायचा, "भाऊ, बाईच्या जातीले हातची वस्तू सोडायचा जीव नाई होत. लुगडे साठवते तसं धान साठवून राहिली." हाच माणूस स्वतः भाव वाढेपर्यंत गोदामात माल दाबून बसायचा. त्याला गाव काय म्हणायचं? बाजार ओळखणारा माणूस. तो थांबला तर ती नजर आणि तू थांबलीस तर तो हेका. नागपूरच्या दुकानदाराने जुन्यात थोडा नवा मिसळून दे म्हटलं आणि तू त्याचं गिऱ्हाईकच सोडलंस, तेव्हा तुला घमेंड आली होती. दादाने एकदा रागात ट्रॅक्टरवाल्याला हाकलला तर तो शब्दाचा पक्का. तू भाव एकदाच सांगायचीस आणि घासाघीस करणाऱ्याला पाणी पाजून परत पाठवायचीस, म्हणून तू तोंडाळ. वहिनी, एकच गुण, फक्त लुगडं नेसून आला की त्याचं नाव बदलतं. याचा मला तेव्हाही संताप यायचा आणि तुझं म्हणणं असायचं की नावं काय, ठेवू दे.

मग ते शिबिर. तालुक्याला बचत गटाच्या बायकांसाठी ठेवलं होतं, मीही गंमत म्हणून तुझ्याबरोबर आले. कोट घातलेला एक माणूस आपल्याला, सतरंजीवर बसलेल्या बायकांना, दुपारभर सांगत होता की तुमच्यात जोखीम घेण्याची मानसिकता नाही, ती आणा, धंदा आधी इथे होतो. आणि स्वतःच्या कपाळावर बोट ठोकत होता. मी घड्याळ बघत होते. तू मात्र मान हलवत ऐकत होतीस. परतताना बस स्टँडवर शेंगा खात तू म्हणालीस, "मानूस बरोबर बोलून राहिला होता. पह्यले डोक्यात पायजे कुंदाबाई, मंग हात चालते."

मी भडकले. म्हटलं, "डोक्यात असून का करतं वयनी? कोठा बाबाचा, कुलूप दादाचं. गिऱ्हाईक आलं तं पह्यले विचारते, मालक हायेत का घरी. त्या कोटवाल्याचं का जाते सांगाले."

"मी म्हनते ना त्याईले, मालक मीच. हासतात घडीभर अन् मंग माल घेतात."

"तू म्हनते. बाकीच्या नाई म्हनू शकत."

"नाई म्हनत," तू म्हणालीस. "शकत नाई असं नाई. तुमच्या कारध्याच्या त्या बाईले नवऱ्यानं दुकान टाकून देल्लं ना? सामान भरून देल्लं, पाटीवर तिचं नाव देल्लं. चाललं का? काहून नाई चाललं? तिले दुकान पायजेच नोतं. नवऱ्याले पायजे होतं."

मी आणखी चिडले. म्हटलं, शिबिर घ्यायचंच तर दादाचं घ्या, त्या व्यापाऱ्याचं घ्या, ओसरीवर बसणाऱ्या सगळ्यांना सतरंजीवर बसवा आणि त्यांना मानसिकता बदला म्हणा. ज्यांच्या पायात दोर आहे त्यांनाच पळायचे धडे का देता? तू शेंगांची टरफलं पदरातून झटकलीस आणि म्हणालीस, दोर असला तरी पळाची इच्छा लागतेच ना. तेवढ्यात बस आली. त्यानंतर हेच भांडण आपण लोणचं घालताना केलं, माझ्या मुलीच्या लग्नात रुखवत मांडताना केलं, गेल्या वैशाखात अंगणात खाट टाकून केलं. मी म्हणायचे जागा हवी, तू म्हणायचीस मन हवं. मी म्हणायचे, तुला काय, तू जन्माचीच धीट, तुझ्यावरून बाकीच्यांना मोजू नकोस. यावर तू नुसती हसायचीस. गेल्या वैशाखातही हसलीस.

आणि मग आषाढात, धानाच्या रोवण्याचे दिवस सुरू झालेले, ताप येतो काय आणि तू जातेस काय. मला तुझ्यावरसुद्धा राग आहे, वहिनी. भांडण अर्धं टाकून जायची ही रीत नव्हे.

आता पुढचं ऐक. सुतक चालू होतं. घरात फोडणी नाही, देवाला फूल नाही, दादा जमिनीवर झोपत होता. तो रडला, हे मी खोटं सांगणार नाही. तुझी चप्पल दारात दिसली की तोंड फिरवायचा. अशात तो व्यापारी बसायला आला. सांत्वनाला. तोंड पाडून ओसरीवर बसला, "लय हिंमतीची बाई होती" म्हणाला. जिवंतपणी तुझ्या तोंडावर हे म्हणायला त्याची जीभ का वळली नाही, कोण जाणे. चहा झाला. हात धुवायचं निमित्त करून तो मागच्या अंगणात गेला आणि मी खिडकीतून बघते तर कोठ्यात शिरून तुझ्या ढोल्यांवर बोटाने टकटक करत होता. परत येऊन दादाला म्हणतो, "आता हे कोन पाहीन मनोहरभाऊ? उंदरं खाऊन जातीन. मी उचलून घेतो ना." भाव सांगितला तो साध्या जाड धानाचा. आणि माझा भाऊ म्हणाला, "न्या. तेरवी झाली का न्या."

सुतकात गोड खायचं नाही, कोणाच्या घरी जायचं नाही, नवं कापड अंगाला लावायचं नाही. सौदा मात्र चालतो. मी दादाला म्हटलं, दिवाळीपर्यंत तरी थांब, एवढी वर्षं वहिनी थांबत होती ते काही वेड लागलं म्हणून नाही. तर म्हणतो, "तिचा नाद होता तो. ती गेली, नाद गेला." एवढी वर्षं त्या नादावर घरातला किराणा आला, तुमचा पोरगा शिकून पुण्याला गेला, ओसरीवर फरशी बसली. त्याच फरशीवर बसून तो "नाद" म्हणत होता. मी पोराला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, बाबा म्हणतील तसं." तुझ्याच पोटचा ना तो? असो.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर अंगणात उभा राहिला. कोठ्याच्या दाराशी तुझी पंचफुला उभी होती. पहिल्या वर्षापासून तुझ्याबरोबर ढोल्या लिंपणारी, धान वाळवणारी, तांदूळ निवडणारी पंचफुला. तिच्याबरोबर तुझ्याकडे काम करणाऱ्या बाकीच्या बायका. रोवण्याचा रोज बुडवून आल्या होत्या बिचाऱ्या. पंचफुला हात जोडून म्हणाली, "दादाजी, दिवाळीवरी थांबा. वयनीच्या हातानं लिंपलेलं तोंड हाये. आमी पाहतो ना सारं."

"वयनी नाई आता," दादा म्हणाला. "तुमी आपल्या घरी जा."

त्या बायका बाजूला झाल्या. काय करणार? त्यांचं तिथे होतंच काय? तेव्हा मी जाऊन कोठ्याच्या उंबरठ्यावर बसले. खरं सांगते, मी काही ठरवून बसले नव्हते. पाय गेले आणि बसले.

"कुंदा, बाजूले हो."

"नाई होत. कोठा कोनाचा हाये दादा?"

"बाबाचा. अजून कोनाचा?"

"मंग तो मायाही बाप होता."

वहिनी, आपल्याकडे बहिणीने भाऊबीजेला लुगडं-चोळी घ्यायची आणि भावाचं भलं चिंतायचं. हिश्श्याचा शब्द तोंडातून काढायचा नाही. जी काढते तिचं माहेर त्या दिवशी संपतं. हे मला कोणी सांगायला नको होतं. पण तोंड उघडलंच होतं तर म्हटलं आता पुरतं बोलून घ्यावं. "घर नको मले, वावर नको, वाडी नको. हा कोठा माया हिस्सा. अन् आतलं धान वयनीनं तिच्या कमाईनं दिघोरीवरून आनलं, ते इथंच राहीन. ह्या बाया ते सांभाळतीन. मले त्यातला दाना नको."

दादाचा चेहरा पांढरा पडला. "हिस्सा मांगून राहिली तू? तिची राख थंडी नाई झाली अजून."

"राख थंडी नाई झाली तं सौदा कसा झाला?"

तो माझ्यापाशी आला. लहानपणी मी त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायचे. मग हळू आवाजात, अगदी मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाला, "मंग भाऊबीजेले येऊ नको." आणि आत निघून गेला. व्यापाऱ्याने थोडा वेळ वाट पाहिली, ड्रायव्हरला शिवी घातली आणि ट्रॅक्टर रिकामा वळवला.

मी जिंकले असं वाटलं असेल तुला. मला नाही वाटलं. ज्या माजघरात माझं बाळंतपण झालं, ज्या स्वयंपाकघरात तू मला डोहाळ्यांची आंबील पाजलीस, तिथे आता मला पाणी कोण देणार? एका माणसाला मेलेल्या बायकोचं काम काम वाटावं, एवढ्यासाठी मला माहेर द्यावं लागतं, हा कुठला न्याय? तू धीट होतीस, हुशार होतीस, तुझं मन होतं, सगळं होतं, आणि तू डोळे मिटताच एका चहाच्या कपावर तुझा धंदा निकालात निघाला. म्हणजे मीच बरोबर होते ना भांडणात? हे बरोबर असणं काय चाटायचं आहे मला?

दुपारी सगळे पांगल्यावर मी पंचफुलाबरोबर कोठ्यात बसले. दादाचं कुलूप कडीला लोंबत होतं, किल्ली त्याने घरातून बाहेर फेकून दिली होती. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि कौलांतून एके ठिकाणी ठिबकत होतं, बरोबर दुसऱ्या ढोलीच्या शेजारी. पाणी आत गेलं तर? कीड लागली तर? दिवाळीला भावच पडला तर? सकाळी रागाच्या भरात बोलून बसले, आता ह्या पाच बायकांचं वर्ष माझ्या शब्दावर उभं होतं आणि त्यांच्यातल्या एकीलाही मी उद्या "माफ कर" म्हणून घरी पाठवू शकत नव्हते. मी पंचफुलाला म्हटलं, "माया जीव घाबरून राहिला बाई. वयनीसारखं काळीज नाई मायं. तिले कशाचं भेव नोतं."

पंचफुला म्हणाली, "कोनाले? वयनीले? दरसाल ढोलीचं तोंड लिंपून झालं का वयनी त्या मांगच्या दारी जाऊन उलटी करे. मी पाठीवर हात फिरवू, पानी देऊ. मंग रातभर झोप नाई तिले, दिवाळीवरी कधीबी उठून ढोल्या पाहाले येत राहे."

"दरसाल?"

"दरसाल. गेल्या दिवाळीलेही. मले म्हने, कोनाले सांगजो नको. कुंदाबाईले तं बिलकुलच नको."

"मले काहून नाई?"

"म्हने, त्याईले वाटते मले भेवच नाई लागत. तसंच वाटू दे. एक तरी मानूस तसं समजनारं पायजे न पंचफुला, नाई तं मी पुढच्या साली लिंपू कशी."

मी उठून कौलाखाली बादली ठेवली. दुसरं काय करावं ते सुचेना. मग मागच्या दारी गेले, जिथे तू जायचीस तिथे. आणि खूप रडले. तेरवीपर्यंत एवढी रडले नव्हते.

ह्याला काय म्हणावं, वहिनी? त्या कोटवाल्याने सांगितलं होतं, घाबरू नका. तू घाबरतच होतीस, दर वर्षी, आतडी पिळवटेपर्यंत, आणि तरी पुढच्या दिवाळीला पुन्हा धान भरायचीस. आणि मी, तुझ्याशी जन्मभर भांडणारी, दर भांडणात तुला म्हणत आले की तुला काय, तू जन्माचीच धीट. तू हसायचीस. कोणत्या तोंडाने हसायचीस? एकदा तरी म्हणायचं होतंस, कुंदाबाई, मलेही भेव लागते. मला राग आला असता, मी चार शब्द बोलले असते, पण पुढच्या दिवाळीला ढोल्या लिंपायच्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने आले असते. पाणी घेऊन मागच्या दारी मीसुद्धा उभी राहिले असते, वहिनी. कारधा असं कितीसं लांब होतं?